निजामाची नभोवाणी

२०२५ च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला तेव्हा आपल्या काही दूरचित्रवाणी वाहिन्यांनी एका रात्रीत कराचीचे बंदर बेचिराख करून टाकले. सकाळी बंदर जागच्या जागी होते. बंदर म्हणजे काय हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावे लागत नाही. तो हसला आणि कामाला लागला. परंतु हे प्रकरण हसण्यावारी नेण्याजोगे नव्हे. खोट्या बातमीने शत्रू किती फसतो हे सांगणे कठीण. घरचा माणूस मात्र खऱ्या बातमीवरचाही विश्वास गमावून बसतो. याची साक्ष हवी असेल तर हैदराबादच्या सुलतान बाजाराचा इतिहास चाळावा.

हा पूर्वीचा रेसिडेन्सी बाजार. १९३३ पर्यंत तेथे अंमल ब्रिटिश रेसिडेंटचा, निजामाचा नव्हे. संस्थानात सभेपासून छापखान्यापर्यंत जागोजागी परवानगीचा फास. या चिंचोळ्या वस्तीत तेवढा श्वास घेता येई. श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय १९०१ साली याच परिसरात निघाले, आर्य समाजाचे ठाणे येथेच होते आणि मराठी मुलांची विवेक वर्धिनी शाळाही हाकेच्या अंतरावर. वाचणारा आणि वाचलेले पारखणारा वर्ग अशा ठिकाणी घडला.

१९४८ साली निजाम सरकारने दोन तोंडांनी बोलण्यास प्रारंभ केला. जगापुढे ते बलाढ्य शेजाऱ्याने गांजलेले शांतताप्रिय राज्य होते. २१ ऑगस्टला त्याने राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीकडे तशी तक्रार धाडली. घरात मात्र कासिम रझवी लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकविण्याची भाषा करीत होता. त्याच २१-२२ ऑगस्टच्या रात्री 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांची हैदराबादेत निर्घृण हत्या झाली. त्यांचा गुन्हा एवढाच की, भारतात विलीन होण्याचा पक्ष त्यांनी निर्भयपणे मांडला. ते मुसलमान होते हे मुद्दाम नमूद करतो. हा झगडा केवळ दोन धर्मांचा असल्याचे भासविणे हाही त्या प्रचाराचाच भाग होता.

१६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये तक्रार सुनावणीस आली तेव्हा भारतीय फौजा आत शिरून तीन दिवस झाले होते. १७ ला निजामाने शस्त्रे खाली ठेवली, आणि २३ ला त्यानेच नभोवाणीवरून रझवीच्या टोळक्यावर खापर फोडले. पॅरिसची तक्रारही त्याने मागे घेतली. परक्यांसाठी रचलेली ती कहाणी सुलतान बाजारातल्या वाचकाने कधी मानलीच नव्हती. रझवीच्या वल्गनांवर विश्वास ठेवला तो राज्यकर्त्यांनी, आणि बुडाले तेही तेच.

पण आपली पाटी तरी कोरी कुठे आहे? पोलिस कारवाईनंतरच्या हत्याकांडाची चौकशी पंडित सुंदरलाल समितीने केली. मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा. रझाकारांचे अत्याचार भोगलेल्यांच्या वेदना त्याने कमी होत नव्हत्या. तरी तो अहवाल अनेक दशके दप्तरात पडून राहिला, आणि प्रतिपक्षाला त्या रिकाम्या जागी हवे ते आकडे भरण्याची आयतीच सोय झाली.

परदेशात देशाची बाजू मांडण्यासाठी शिष्टमंडळे जातात, ती जावीत. मात्र ज्या वाहिन्यांनी कराचीचे बंदर बुडविले त्यांनी ते तितक्याच मोठ्या अक्षरांत, त्याच वेळेला वर काढावे, आणि नभोवाणी खात्याने ते काढवून घ्यावे.