मुलांना अडकित्त्यापाशी थांबू द्या

१/७
सुट्टी लागली की मुलांना इतिहास दाखवायला आपण किल्ल्यावर नेतो. अवश्य न्यावे. पण पुण्यात बाजीराव रस्त्यालगतचे राजा दिनकर केळकर संग्रहालयही दाखवावे, आणि ते कसे दाखवावे, याविषयी हा धागा.

२/७
नावातला ‘राजा’ कोणी संस्थानिक नव्हे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा हा मुलगा. तो लहानपणीच वारला. वडिलांनी आयुष्यभर जमवलेल्या संग्रहाला त्याचे नाव दिले.

३/७
सुमारे १९२० पासून केळकर देशभर हिंडले. संग्रह २०,००० वस्तूंच्या पुढे गेला. त्यात शस्त्रे आहेत, मस्तानी महालाची पुनर्रचनाही आहे. पण त्याचा प्राण दिवे, अडकित्ते, कुलपे, दौती, फण्या यांत आहे.

४/७
वज्रीच घ्या. टाचा घासण्याचे हे साधन. खालची बाजू खरखरीत, वर मात्र पक्षी किंवा प्राणी घडवलेला. टाच घासायला मोर कशाला हवा? हा प्रश्न मुलाला पडला की कलेच्या इतिहासात त्याचा प्रवेश झाला.

५/७
आपण मात्र ‘चला पुढे, हात लावू नका’ म्हणत तासाभरात सारी दालने उरकतो. माझे मत असे : एका भेटीत पाचच वस्तू पाहाव्यात. पाटी शेवटी वाचावी. आधी विचारावे, ही कशाची बनली आहे? कोठे झिजली आहे? ती रोज कोणाच्या हातात असेल?

६/७
मग मूल विचारेल, ‘हे कोणी केले?’ बहुतेक वस्तूंबाबत याचे उत्तर मिळत नाही. ओताऱ्याचे, तांबटाचे, सुताराचे नाव सहसा कोणी लिहून ठेवले नाही. येथे प्रश्न टाळू नये. नाव नोंदले गेले नाही असे स्पष्ट सांगावे. कोणाची नावे नोंदली गेली आणि कोणाची नाही, यावर बोलावे.

७/७
याने शौर्याचे मोल उणावते, असा आक्षेप येईल. मला तो पटत नाही. ज्या मुलाने केवळ तलवारी पाहिल्या, त्याला इतिहास परक्यांचा, मोठ्यांचा वाटतो. झिजलेला अडकित्ता पाहणाऱ्याला त्यात आपली पणजीही दिसू शकते. इतिहास आपल्या घरातूनही वाहत आला आहे, हे त्याला एवढ्या लहान वयात कळणे मला फार मोलाचे वाटते.