दिव्याची साक्ष

जुन्या विहिरींत माणूस उतरण्यापूर्वी दिवा सोडून पाहण्याचा आमच्या पहूरकडील वडीलधाऱ्यांचा परिपाठ असे. दिवा विझला कीं कोणी उतरत नसे. परीक्षा सुज्ञपणाची खरी, परंतु अपुरी. कोंडलेल्या खोलींतील शेगडीचा कार्बन मोनॉक्साइड वायु दिवा विझवीत नाहीं, त्यास वासहि नाहीं. माणूस मात्र झोपेंतच दगावतो.

अशा वायूंचा सुगावा जस्त, कथील इत्यादि धातूंच्या ऑक्साइडांस लागतो. त्यांच्या कणांवर हवेंतील प्राणवायु इलेक्ट्रॉन धरून बसतो. दूषित वायु आला कीं ही पकड बदलते व विजेस होणारा विरोध कमीअधिक होतो. जपानांत सेइयामा ह्यांनीं 1962 सालीं हें दाखविलें. आमच्या खानदेशांतहि, अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयांत, ह्या विषयाचें संशोधन झालें आहे.

अडचण ही कीं, हा थर बहुधा 200 ते 400 अंश तापवावा लागतो. आतां अतिसूक्ष्म कणांवर अतिनील प्रकाश टाकून तेंच काम न तापवितां साधूं लागलें आहे. वीज वाचते, ज्वालाग्राही वायूजवळ तापलेली वस्तु राहत नाहीं. हवेंतील ओलावा मात्र ह्या यंत्रास अजून चकवितो.

तोंवर वाचकांस आमचें सांगणें एवढेंच: शेगडी घरांत असेल तर खिडकी उघडी ठेवावी, केवळ दिव्याच्या साक्षीवर विसंबूं नये.