यंत्र की फास? आधी पट्टा!



नारळ पाडायला गडी मिळत नाही, ही नागावच्या वाडीवाल्यांची नेहमीची तक्रार. मग यंत्र घ्यावं की पायातला फासच बरा? आमचं मत सरळ सांगतो.

माडासाठी यंत्र चांगलं. केरळच्या चेंबेरी यंत्रात तारेचे दोन फेरे खोडाला धरतात. एकावर वजन दिलं की तो आवळतो, तोवर दुसरा वर सरकवायचा. नवा माणूस, बायाही सरावाने चढतात. पण दर झाडाला काढा-घाला करावी लागते.

पोफळीला फासच. खोड बारीक, आणि गडी खाली न उतरता झोका घेऊन शेजारच्या झाडावर जातो.

पण दोन्हींची पकड शेवटी घर्षणाचीच. खोडावर शेवाळ धरलं, तार झिजली किंवा काथ्या कुजला, की दोन्ही घसरतात. मूळ चेंबेरी यंत्राला कमरेचा पट्टा नाही, फासाला तर नाहीच. म्हणून पट्टा आणि खोडाभोवती वेगळा दोर हवाच. पट्टा बांधून पोफळीवर झोका घेता येणार नाही, काम लांबेल, मजुरी वाढेल. वाढू दे.

पट्ट्याचा खर्च वाडीवाल्याने करायचा, गड्याने नाही. नारळ विकास मंडळाचा केरा सुरक्षा विमा चढणाऱ्यांसाठीच आहे, त्याचा अर्ज भरायला गड्याला मदत करा.

ओल्या खोडावर कुणाला चढवू नका. नारळ चार दिवस थांबतो.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी