नवापूरला उतरा, एक रात्र राहा

नवापूरला येणारे बरेच पाहुणे फलाटावरूनच परत जातात. अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत असलेल्या बाकड्यावर बसायचं, फोटो काढायचा, तो घरच्यांना पाठवायचा आणि पुढची गाडी धरायची. फोटो जरूर काढा, ते बाकडं आहेच तसं. पण माझी विनंती त्यापुढची आहे. स्टेशनच्या बाहेर या, गावात एक रात्र राहा, सकाळी रंगावली नदीच्या काठाने चाला आणि मग जा. घाईने पाहिलं तर हे गाव तुम्हाला काहीच सांगणार नाही. इथे किल्ला नाही, लेणी नाहीत, मोठं तीर्थक्षेत्र नाही. 2011 च्या जनगणनेत 30 हजारांच्या आसपास लोकवस्ती असलेलं हे नदीकाठचं सीमेवरचं गाव आहे, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

सुरुवात स्टेशनपासूनच करा, पण नीट बघून. फलाट सुमारे 800 मीटर लांब आहे. त्यातले 300 मीटर महाराष्ट्रात, 500 मीटर गुजरातेत. तिकीट खिडकी महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यात आहे, तर स्टेशन मास्तरांची कचेरी आणि प्रतीक्षालय गुजरातच्या तापी जिल्ह्यात. म्हणजे तिकीट एका राज्यात काढायचं आणि गाडीची वाट दुसऱ्या राज्यात बघायची. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात. ताप्ती खोऱ्यातला हा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधला गेला, आणि 1 मे 1960 रोजी मुंबई राज्याची दोन राज्यं झाली तेव्हा हद्द स्टेशनातून गेली. तरी इथली सीमा केवळ 1960 ची आहे असं समजू नका. त्याआधी नवापूर इंग्रजी अमलातल्या पश्चिम खानदेशात होतं आणि पलीकडचं सोनगड गायकवाडांच्या बडोदा संस्थानात. इथल्या माणसांना दोन राजवटींच्या मध्ये राहण्याची सवय फार जुनी आहे. मुली इकडून तिकडे दिल्या जातात, बाजार जिथे बरा तिथे केला जातो, आणि दवाखाना जवळचा असेल तो धरला जातो.

गावात आलात की कान उघडे ठेवा. दुकानदार एका गिऱ्हाइकाशी गुजरातीत बोलतो, दुसऱ्याशी मराठीत, तिसऱ्याशी मावचीत. खेड्यांतून आलेली माणसं मावची, गावित, कोकणी या आदिवासी बोली बोलतात. धुळ्याकडून आलेला माणूस अहिराणीत सुरू होतो. हे कोणी मुद्दाम करत नाही आणि त्याचं कोणाला कौतुकही नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकाला मात्र मी आवर्जून सांगेन, की भाषेवरून हमरीतुमरी ऐकून कंटाळला असाल तर नवापूरच्या बाजारात तासभर उभे राहा. एक सूचना लक्षात ठेवा. समोरचा तुमच्याशी मराठीत अडखळत बोलला तर त्याची मराठी सुधारायला जाऊ नका. ती त्याची दुसरी किंवा तिसरी भाषा आहे, आणि तो ती तुमच्यासाठी बोलतो आहे.

खानदेश म्हटला की कापूस, केळी, मिरची आणि कडक ऊन डोळ्यांसमोर येतं. नवापूर त्यात बसत नाही. इथे जिल्ह्याच्या इतर तालुक्यांपेक्षा पाऊस जास्त पडतो, म्हणून भात होतो. दक्षिणेला डांगच्या डोंगरांकडे चढत जाणारी जमीन आणि उत्तरेला तापीच्या खोऱ्याकडे सपाट होत जाणारा मुलूख, यांच्यामधून रंगावली वाहते आणि पुढे गुजरातेत उकाईच्या जलाशयाला मिळते. नदी मोठी नाही. उन्हाळ्यात तिच्या पात्रात दगड जास्त आणि पाणी कमी दिसतं. पण तिला लहान समजू नका. 2018 च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीच्या पावसाने तिला असा पूर आला की काठची घरं वाहून गेली आणि माणसंही दगावली. म्हणून पावसाळ्यात येणार असाल तर नदीचं पाणी वाढताना पुलावर थांबून चित्रीकरण करू नका, पात्रात उतरू नका, आणि गावकरी 'आज पलीकडे जाऊ नका' म्हणाले तर ऐका. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा येण्यासाठी उत्तम काळ. तेव्हा नदीत पाणी असतं आणि सकाळी अंगावर शाल लागते.

नदीचा विषय निघालाच आहे म्हणून एका दूरच्या शहराबद्दल सांगतो. आपल्याकडचे हौशी प्रवासी हल्ली युरोपातल्या आडबाजूच्या शहरांतही जातात, आणि ते चांगलंच आहे. सर्बियाच्या उत्तरेला व्हॉयव्होदिना नावाचा सपाट मैदानी प्रांत आहे. तिथे बेगेय नदीवर झ्रेन्यानिन हे शहर आहे. त्या प्रांताच्या कारभारात सहा भाषांना अधिकृत मान्यता आहे, त्यामुळे पाट्यांवर एकाहून जास्त भाषा दिसणं तिथे रोजचं आहे. नवापूरच्या माणसाला ते शहर परकं वाटणार नाही. पण मला त्या शहरातल्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. तिथे 1962 मध्ये नदीवर एक पूल बांधला, आणि 1985 मध्ये शहरातला नदीचा तो फाटा बुजवला. पूल कोरड्या जमिनीवर उभा राहिला. दुसरी गोष्ट याहून कठीण. तिथल्या भूजलात आर्सेनिक जास्त असल्यामुळे 2004 मध्ये नळाचं पाणी पिण्यास बंदी घातली गेली आणि ती पुढे अनेक वर्षं टिकली. नदीकाठी राहणाऱ्या माणसांनी पिण्याचं पाणी विकत आणलं. नदी जवळ आहे म्हणून पाण्याची काळजी मिटली असं कुठल्याही गावाने धरून चालू नये. म्हणून रंगावलीच्या काठी बसाल तेव्हा खाऊच्या पुड्या, बाटल्या, निर्माल्य काहीही पात्रात जाऊ देऊ नका. नवापूरकरांनाही हीच विनंती आहे. पाहुण्याला काठावर न्यायला लाज वाटणार नाही इतका तरी काठ आपण स्वच्छ ठेवू.

या गावाचं नाव देशभर पोचलं ते बाकड्याच्या आधी, आणि वाईट कारणाने. 18 फेब्रुवारी 2006 रोजी भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापुरात जाहीर झाला. परिसरातल्या कुक्कुटपालनाच्या शेडमधल्या कोंबड्या सरसकट मारून पुराव्या लागल्या. ज्यांनी कर्ज काढून शेड उभारल्या होत्या त्यांच्यावर काय आलं असेल याची कल्पना करा. लोक पुन्हा उभे राहिले, पुन्हा अंडी महाराष्ट्रात आणि गुजरातेत जाऊ लागली. 2021 मध्ये रोग परत आला, पुन्हा पक्षी मारावे लागले, आणि तरीही धंदा सुरू आहे. मला नवापूरबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या गोष्टीसाठी. आता पाहुण्यांसाठी सांगतो. रस्त्याकडेला लांबलचक शेड दिसल्या की कुतूहलाने आत शिरू नका. चपलेच्या तळाला, कपड्यांना लागून रोग एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जातो. मालकाने स्वतः बोलावलं तर तो सांगेल तसे पाय धुवून, तो सांगेल तिथपर्यंतच जा. मुलांना मेलेल्या पक्ष्याला हात लावू देऊ नका. यात कोणाचा अविश्वास नाही, ज्याचं पोट त्यावर आहे त्याची काळजी आहे.

बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून माणसं येतात. मोसमाप्रमाणे रानभाज्या, सुकवलेली मासळी, बांबूच्या टोपल्या आणि सुपं दिसतात. बांबूकाम हा या सीमाभागातल्या कोटवाळिया समाजाचा पिढीजात धंदा आहे. टोपली घेताना घासाघीस करू नका. एक टोपली विणायला किती वेळ लागतो ते विणणाऱ्यालाच विचारा आणि मग किंमत ठरवा. बायामाणसांचे, मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. विचारल्यावर त्या नाही म्हणाल्या तर हसून पुढे जा. गावकुसाबाहेर वाघदेवाचं ठिकाण दिसलं तर ते पूजेचं ठिकाण आहे हे ध्यानात असू द्या. आधी गावातल्या मोठ्या माणसाला विचारा, चपला काढा, ठेवलेली वस्तू हलवू नका. तालुक्यात ख्रिस्ती आदिवासींची वस्तीही बरीच आहे, त्यामुळे डिसेंबरच्या शेवटी आलात तर चर्चबाहेर नाताळची गर्दी दिसेल. 'आदिवासी बघायला आलो' हे वाक्य मात्र कृपा करून कोणाच्या तोंडून निघू नये. भेटायला या, ओळख करून घ्या, 'जोहार' म्हणा. तुम्हाला चहा मिळेल.

जाताना तूरडाळ घेऊन जा. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ती इथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी मुरमाड, उताराच्या जमिनीत पिकवलेली असते आणि वरणाला तिची स्वतःची चव येते, फोडणी जपून घाला. पिशवीवर नाव छापलं म्हणजे डाळ नवापूरची असेलच असं नाही. शेतकऱ्याकडून किंवा शेतकरी गटाकडून थेट घ्या, कोणत्या गावची ते विचारा. जात्यावर भरडलेली मिळाली तर तीच घ्या, आणि दोन रुपये जास्त लागले तर द्या. नवी तूर निघते ती थंडीच्या शेवटी, म्हणून फेब्रुवारीच्या आसपास आलात तर ताजी मिळेल.

दुसरा दिवस हाताशी असेल तर पश्चिमेला सोनगडला जा. तिथला किल्ला पिलाजीराव गायकवाडांचा, आणि बडोद्याच्या आधी गायकवाडांचं ठाणं होतं ते हेच. मराठी माणसाने गुजरातेतला आपला इतिहास बडोद्यापासून सुरू करण्याऐवजी इथून करावा. तिथून उकाई धरण जवळ आहे. 1972 मध्ये ते पूर्ण झालं. जलाशयाचा विस्तार डोळे भरून बघा, पण त्या पाण्याखाली गुजरातेतली आणि महाराष्ट्रातलीही गावं गेली आहेत. बरोबरच्या मुलांना तेही सांगा. उलट बाजूला, नंदुरबारमार्गे तापीकाठी गेलात तर प्रकाशा लागतं, ज्याला लोक दक्षिण काशी म्हणतात. तिथे 1954-55 मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केलं तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर सापडले. दत्तजयंतीच्या सुमारास निघाला असाल तर सारंगखेड्याचा घोड्यांचा बाजारही गाठता येईल.

येण्याच्या वाटेबद्दल थोडं. धुळे आणि सुरत दोन्हीकडून नवापूर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. पूर्वी ज्याला 6 नंबरचा महामार्ग म्हणत, तोच आता 53. धुळ्याकडून येताना कोंडाईबारी घाट उतरावा लागतो आणि मालवाहू ट्रकांची वर्दळ सतत असते. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये याच घाटात खासगी बस पुलावरून कोसळून माणसं गेली. रात्री घाई करून येऊ नका, घाट दिवसाउजेडी उतरा. रेल्वेने येत असाल तर तुमची गाडी नवापूरला थांबते का ते आधी बघा, कारण लांब पल्ल्याच्या सगळ्याच गाड्या थांबत नाहीत. सुरत-भुसावळ मार्गावरची पॅसेंजर सगळ्यात बरी. ती हळू चालते आणि डब्यात गप्पा मारायला माणसं असतात. राहायला साधे लॉज आहेत, मोठ्या हॉटेलाची अपेक्षा ठेवू नका. आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो. गुजरातेत दारूबंदी आहे. सीमा इतकी जवळ आहे की चालत चालत पलीकडे जाल, आणि पिशवीत बाटली असेल तर तो गुन्हा ठरेल. बाकड्याच्या गमतीत हे विसरू नका.

शेवटची विनंती शाळांच्या सहली ठरवणाऱ्या शिक्षकांना आहे. धुळे, जळगाव, नाशिककडच्या शाळा दरवर्षी मुलांना त्याच त्या ठिकाणी नेतात. एकदा आठवी-नववीची मुलं नवापूरला आणा. भाषावार प्रांतरचना, 1 मे 1960, संस्थानं आणि इंग्रजी मुलूख, धरण आणि विस्थापन हे सगळं पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत असतं. इथे ते एका दिवसात पायी फिरून समजावता येतं. मुलांना बाजारात तिघांना त्यांच्या भाषेत 'तुमचं नाव काय' कसं विचारतात ते शिकून यायला सांगा. येण्याआधी स्टेशन मास्तरांना शाळेचं पत्र पाठवा, फलाट तिकिटं काढा, आणि रुळाच्या बाजूला एक शिक्षक कायम उभा ठेवा, कारण या मार्गावर न थांबणाऱ्या गाड्या वेगाने जातात.