आईला सांगू नकोस

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. ताईला विचारूनच लिहितेय, नाहीतर पुढच्या हळदीकुंकवाला माझी काही धडगत नाही. ती म्हणाली, "लिही, पण मला फार वाईट दाखवू नकोस." प्रयत्न करते.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास भाचीचा फोन आला. ही मुलगी कधी फोन करत नाही, मेसेज टाकते. त्यामुळे नुसतं नाव दिसलं तरी पोटात धस्स झालं. फोन उचलल्यावर तिचं पहिलं वाक्य, "मावशी, आधी प्रॉमिस कर, आईला सांगणार नाहीस."

भाची डोंबिवलीला राहते आणि ठाण्याच्या एका कॉलेजात बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकल संपायला सहा-सव्वासहा होतात, मग लायब्ररी, मग स्टेशनपर्यंत चालत. त्याच कॉलेजातला, तिच्याहून एक वर्ष पुढचा एक मुलगा गेले चार महिने तिच्या मागे होता. आधी मेसेज. तिने ब्लॉक केलं तर दुसऱ्या नंबरवरून. मग लायब्ररीत बरोब्बर समोरच्या खुर्चीवर. मग सॅटिसच्या पुलावर, तिच्या चार पावलं मागे. तोंडाने काही बोलत नाही, हात लावत नाही. "काय सांगू ग मी कोणाला? तो नुसता असतो," ती म्हणाली.

चार महिने ही मुलगी घरी येऊन जेवत होती, आईबरोबर सिरियल बघत होती, आणि एक शब्द बोलली नव्हती. का, असं विचारलं तर लगेच उत्तर आलं, जणू पाठच होतं. "आईला कळलं तर कॉलेज बंद."

मला राग आला. पहिल्यांदा त्या मुलाचा, मग ताईचा. आणि मग आठवलं की हे भाचीने काही स्वतःच्या डोक्यातून काढलेलं नाही. आमच्या घरात हे छत्तीस वर्षं चालत आलेलं आहे.

मार्च १९९०. मी नववीत होते. उल्हासनगर म्हणजे आमच्या डोंबिवलीहून चौथं स्टेशन. तिथे दहावीची परीक्षा चालू असताना रिंकू पाटील या मुलीला परीक्षेच्या वर्गात शिरून, पेट्रोल ओतून जिवंत जाळलं. रात्री नाही, निर्जन रस्त्यावर नाही. दिवसाढवळ्या, हातात प्रश्नपत्रिका असताना, पर्यवेक्षक आणि बाकीची मुलं यांच्या देखत. जाळणाऱ्याचं नाव मी लिहीत नाही. त्याने नंतर आत्महत्या केली.

ज्यांचं तेव्हा शाळकरी वय होतं त्यांना ते दिवस आठवत असतील. आमच्या चाळीत संध्याकाळी बायका जिन्यात उभ्या राहून हलक्या आवाजात बोलायच्या आणि आम्ही मुली जवळ गेलो की गप्प व्हायच्या. पेपरात दोन शब्द रोज यायचे, 'एकतर्फी प्रेम'. मला तेव्हाही ते विचित्र वाटायचं. प्रेम? मुलगी नाही म्हणाली म्हणून तिला जाळणं, याला कुठल्या बाजूने प्रेम म्हणायचं? पण शब्द तेवढेच होते. 'छेडछाड' आणि 'एकतर्फी प्रेम'. एक ऐकून हसू यावं आणि दुसरं ऐकून दया यावी, असे शब्द.

ताई त्या वर्षी बारावीला होती. तिला मायक्रोबायॉलॉजी करायचं होतं, त्यासाठी मुंबईतलं कॉलेज तिने मनात धरून ठेवलं होतं. जूनमध्ये अण्णा एवढंच म्हणाले, "जवळचं बघ." कोणी आवाज चढवला नाही, कोणी रडलं नाही. ताईने चालत जाता येईल अशा कॉलेजात बी.कॉम.ला नाव घातलं. पुढच्या वर्षी माझी दहावी होती. प्रत्येक पेपरला अण्णा रजा काढून केंद्राबाहेरच्या कठड्यावर तीन तास उन्हात बसून राहायचे. मला तेव्हा त्यांची लाज वाटायची. आज ते आठवलं की घसा दाटून येतो. त्यांची भीती खरी होती, मायाही खरी होती. पण हिशेब केला तर निघतं काय? गुन्हा केला कोणा एका मुलाने, आणि त्याचं बिल आलं आमच्या ताईला. त्या वर्षी कल्याण-डोंबिवलीतल्या किती ताईंना आलं असेल, कोण मोजणार!

मी कॉलेजात गेल्यावर माझ्याही मागे एक जण होता. कल्याण स्टेशनच्या पुलापासून वर्गाच्या दारापर्यंत. मीही घरी सांगितलं नाही. शेवटी एका प्राध्यापकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तू वेगळ्या रस्त्याने येत जा." मी वेगळ्या रस्त्याने येऊ लागले. वीस मिनिटं जास्त लागायची. तो मुलगा मात्र त्याच रस्त्याने येत राहिला.

तर सांगायचा मुद्दा असा. कॉलेजातली सुरक्षितता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गेट येतं, वॉचमन येतो, कॅमेरे येतात. कुठे काही झालं की पंधरा दिवसांत ओळखपत्राची सक्ती आणि भिंतीवर नवीन तारा. मला त्यांची टिंगल करायची नाही, दिवे आणि वॉचमन हवेतच. पण जरा आठवून बघा, धोका भिंतीवरून उडी मारून कितीदा आला?

जून २०२३ मध्ये चर्नी रोडला मुलींच्या सरकारी वसतिगृहात अठरा वर्षांच्या मुलीचा खून झाला. ज्याच्यावर संशय होता तो तिथेच वर्षानुवर्षं काम करणारा माणूस. त्यानेही त्याच दिवशी रेल्वेखाली जीव दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या बदलापूरला चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेतल्याच सफाई कामगाराने अत्याचार केल्याचं उघड झालं. कॅमेऱ्यांचं म्हणाल तर तिथलं चित्रण गायब असल्याचं तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनीच सांगितलं होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला रस्त्यात पेटवलं, तो तिच्या गावचाच. सगळे ओळखीचे, सगळे कुंपणाच्या आतले. कुंपण उंच करून काय होणार?

आणि बदलापूरचं मला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगते. त्या चिमुरड्यांनी सांगितलं होतं. त्यांना जमेल त्या शब्दांत घरी सांगितलं होतं. आईवडिलांनी विश्वास ठेवला आणि पोलीस ठाण्यात गेले, तर तक्रार नोंदवायला त्यांना तासन्‌तास बसवून ठेवलं. त्यासाठी पुढे पोलीस अधिकारी निलंबित झाले. माहिती असून कळवलं नाही म्हणून शाळेच्या मुख्याध्यापिका आणि संस्थाचालकांवरही गुन्हा दाखल झाला. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, तेव्हा कुठे सगळ्यांना ऐकू आलं. चार वर्षांच्या मुलीने सांगितलेलं ऐकू यायला आपल्याला लोकल बंद पाडावी लागली.

म्हणून मला वाटतं, गुन्हा रोखण्याची खरी जागा म्हणजे पहिल्यांदा कोणीतरी 'मला काहीतरी सांगायचंय' म्हणतं तो क्षण. तिथे सांगणाऱ्याला काय मोजावं लागतं यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. आपल्याकडे सांगणाऱ्या मुलीलाच आधी मोजावं लागतं. कॉलेज बंद, मोबाईल काढून घेतला, लायब्ररी बंद, 'तूच काहीतरी केलं असशील'. मग ती सांगत नाही. ती सांगत नाही हे त्या मागे येणाऱ्यालाही पक्कं ठाऊक असतं. त्याचा सगळा धीर त्यावरच तर असतो!

मुलांचंही वेगळं नाही बरं का. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे. तरी वसतिगृहात मार खाल्लेला मुलगा घरी 'जिन्यावरून पडलो' सांगतो. 'पुरुष असून रडतोस?' हे ऐकायची त्याची तयारी नसते.

गंमत म्हणजे नियम करणाऱ्यांना हे कळलेलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम मी या निमित्ताने पहिल्यांदा नीट वाचले. प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ प्राध्यापिका हवी, निम्म्याहून कमी बायका चालणार नाहीत, प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले विद्यार्थीही हवेत. चौकशी ९० दिवसांत संपवायची. पुरेसे दिवे, महिला सुरक्षारक्षक, हेही आहे. आणि एक कलम वाचून तर मी खुर्चीत सरळ बसले. मुलींच्या सुरक्षेचं कारण सांगून वसतिगृहात मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम त्यांच्यावर लादायचे नाहीत, आणि सुरक्षेच्या नावाखाली त्यांच्या येण्याजाण्यावर बंधनं आणायची नाहीत, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे अण्णांचं 'जवळचं बघ' आणि माझ्या प्राध्यापकांचं 'वेगळ्या रस्त्याने ये', दोन्ही या नियमात बसत नाहीत!

कायदाही बदललाय. १९९० मध्ये नुसत्या पाठलागाला कायद्यात स्वतंत्र नाव नव्हतं. २०१३ मध्ये तो स्वतंत्र गुन्हा झाला. आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा. भाचीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तो नुसता असतो, हा पण गुन्हा आहे?" हो ग बाई. तू नको म्हटल्यावरही तो पुन्हा पुन्हा मागे येत असेल तर आहे.

आता पुढे काय झालं ते. मी तिला आठ दिवस दिले. म्हटलं, तू सांग, नाहीतर मी तुझ्यासमोर सांगेन, पाठीमागे नाही. सातव्या दिवशी तिने सांगितलं. मी मुद्दाम तिथे होते. ताईचं पहिलं वाक्य, अक्षरशः पहिलं, "मग उद्यापासून जाऊ नकोस." भाचीने माझ्याकडे बघितलं. भाऊजी म्हणाले, "मी सोडायला जातो रोज." दोघांचेही चेहरे पांढरे पडले होते.

मी काहीच बोलले नाही. फक्त म्हटलं, "ताई, मायक्रोबायॉलॉजी."

ताई उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आली ती पदराला हात पुसत, आणि लेकीला म्हणाली, "तुझं कॉलेज बंद होणार नाही. कधीच नाही. आता सगळं पहिल्यापासून सांग." मग भाची रडली. चार महिन्यांचं एकदम.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी कॉलेजात गेलो. समितीचा बोर्ड सापडला, कुलूपबंद काचेच्या मागे. त्यावरच्या पहिल्याच मॅडम निवृत्त झालेल्या आणि फोन नंबर बंद. ऑफिसात दोन टेबलं फिरवलं. शेवटी एक मॅडम भेटल्या, त्यांनी दार लावून घेतलं, पाणी दिलं, आणि मुलीचं पूर्ण ऐकून घेतलं. मधे एकदाही 'पण तू' म्हणाल्या नाहीत. लेखी तक्रार घेतली, तारीख घालून पोच दिली. मेसेजेस पुसू नकोस म्हणाल्या. पोलिसांत जायचं की नाही हे तुम्ही ठरवा, जायचं असेल तर मी बरोबर येते, असंही म्हणाल्या. तो मुलगा आणि त्याचे वडील बोलावले गेले. लायब्ररीची वेळ त्याची बदलली, हिची नाही. हे मला फार आवडलं.

सगळं छान झालं असं म्हणणार नाही. तो अजून त्याच कॉलेजात आहे. भाची अजून पुलावर मागे वळून बघते. पण मेसेज थांबलेत, आणि रोज संध्याकाळी ताईला लोकलमधून तिचा फोन असतो, दिवसभराचं सांगणारा.

आता थोडं कामाचं, कारण आपल्यातल्या कित्येकांची मुलं येत्या जूनमध्ये कॉलेजात जातील. प्रवेश घेताना कट-ऑफ विचारतो तसं हेही विचारा. समितीवर आज कोण आहे आणि त्यांचा फोन लागतो का (तिथेच उभं राहून लावून बघा). तक्रार केली तर कोणाचं वेळापत्रक बदलतं. गेटपासून रिक्षा स्टँडपर्यंत संध्याकाळी सातला दिवे असतात का. वसतिगृह असेल तर मजल्याच्या किल्ल्या कोणाकडे असतात. तक्रार समितीकडे तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, हे मुलांना सांगून ठेवा. आणि पोलिसांसाठी ११२, रेल्वेत १३९, रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२. 'ही आमची हद्द नाही' म्हणून कुठल्याही पोलीस ठाण्याला आता तक्रार नाकारता येत नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी आज रात्री जेवताना मुलीला, भाचीला, पुतणीला, आणि हो, मुलालाही एवढंच सांगा, की काहीही झालं तरी तुझं शिक्षण थांबणार नाही. आणि ते वेळ आल्यावर सांगू, असं म्हणू नका. वेळ येते तेव्हा मूल आधीच ठरवून बसलेलं असतं, कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही.

अण्णा आज असते तर त्यांनी काय केलं असतं, कोण जाणे. बहुधा सॅटिसच्या पुलावर जाऊन बसले असते, टोपी घालून.

असो. तुमच्या घरी असं कधी झालं असेल तर जरूर सांगा. नावं नकोत. आणि ताई, बघ, नाही ना दाखवलं फार वाईट?