घाबरण्याचे तिकीट, जखमेची जबाबदारी कुणाची?

विशेष प्रतिनिधी, भाईंदर

सुट्ट्या लागल्या की शहरातील मोकळ्या मैदानांवर आनंदमेळे उभे राहतात. आकाशपाळण्याच्या शेजारी काळ्या कापडाने मढवलेला 'भूत बंगला' असतो. समजा, केबिन रोडवरील एक कुटुंब तिकीट काढून त्यात शिरले. अंधारात सांगाडा अंगावर आला, मुलगी दचकून मागे सरली आणि निखळलेल्या फळीत पाय अडकून तिचे हाड मोडले. चालक तिकिटामागची ओळ दाखवतो : 'प्रवेश स्वतःच्या जबाबदारीवर.' एवढ्याने त्याची सुटका होते काय?

धोका ओळखून जो स्वेच्छेने पुढे जातो, त्याला पुढे तक्रार करता येत नाही, हे कायद्याचे जुने तत्त्व आहे. अमेरिकेतील सॅन दिएगो येथे 2011 मध्ये भुताटकीच्या एका खेळात करवत घेतलेला नट मागे लागल्याने एक प्रेक्षक पळताना पडून जखमी झाला. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने 2015 मध्ये चालकाच्या बाजूने निकाल दिला. घाबरणे आणि घाबरून पळणे हा त्या खेळाचाच भाग आहे, असा त्याचा आशय होता.

मात्र प्रेक्षकाची ही संमती भीतीपुरती असते. निखळलेली फळी, उघडी वीजवाहिनी वा बंद दरवाजा यांना ती लागू होत नाही. सिडनीच्या लुना पार्कमधील 'घोस्ट ट्रेन'ला 1979 मध्ये आग लागून सात जण, तर न्यू जर्सीतील एका उद्यानाच्या 'हॉन्टेड कॅसल'मध्ये 1984 मध्ये आठ किशोरवयीन मुले मृत्युमुखी पडली. अंधार आणि चिंचोळी वाट हेच जिथे आकर्षण असते, तिथे चालकाची काळजी इतरांपेक्षा अधिक हवी.

आपल्याकडे या खेळांसाठी स्वतंत्र कायदा शोधत बसण्याचे कारण नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार मनोरंजन ही 'सेवा' आहे आणि निष्काळजीपणा ही सेवेतील त्रुटी. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ग्राहकावर एकतर्फी लादलेल्या करारातील अटी अन्याय्य ठरवून रद्द करण्याचा अधिकार राज्य आयोगाला आहे. त्यामुळे तिकिटामागची ओळ म्हणजे अभेद्य कवच नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 खाली निष्काळजी कृत्यामुळे गंभीर दुखापत झाल्यास तीन वर्षांपर्यंत, तर कलम 106 खाली मृत्यू ओढवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

खरी अडचण पुढेच आहे. मेळ्याचा आयोजक एक, मंडप उभारणारा दुसरा, खेळ चालवणारा तिसरा. अपघातानंतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये एप्रिल 2006 मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनाला आग लागून 65 जणांचा बळी गेला, तेव्हा आयोजकांनीही मंडपाच्या कंत्राटदाराकडे बोट दाखवले होते. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये तो बचाव फेटाळला आणि भरपाईची जबाबदारी आयोजकांवर 60 टक्के, तर राज्य सरकारवर 40 टक्के टाकली. त्याआधी 'उपहार' चित्रपटगृहाच्या प्रकरणात 2011 मध्ये याच न्यायालयाने दिल्ली महापालिका व परवाना देणाऱ्या पोलीस यंत्रणेला भरपाईतून वगळले होते. परवाना देणारे कार्यालय नेहमीच जबाबदार ठरेल, असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

शिवाय मेळा फिरता असतो. न्यायालयाचा आदेश येईपर्यंत मैदान मोकळे झालेले असते. आदेश मिळाला तरी वसुली कुणाकडून करायची, हा प्रश्न उरतो. 1991 चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्यांपुरता मर्यादित आहे. भूत बंगला त्यात बसत नाही. म्हणून आनंदमेळ्याला परवानगी देतानाच प्रेक्षकांचा विमा, आयोजकाचा कायमचा पत्ता आणि अनामत रक्कम या अटी पालिका व पोलिसांनी घातल्या पाहिजेत. बाहेर पडण्याच्या दोन वाटा आणि अंधारातही दिसणारे त्यांचे फलक यांची तपासणी मेळा सुरू होण्यापूर्वीच व्हायला हवी.

प्रेक्षकांनीही दुखापत झाल्यास तिकीट जपून ठेवावे, जागेची छायाचित्रे काढावीत, पोलिसांत नोंद करावी आणि डॉक्टरांचा दाखला घ्यावा. मेळा गावाबाहेर गेल्यानंतर हाती उरतो तो एवढाच पुरावा. भूत बंगल्यातली भुते खोटी असतात. मोडलेले हाड मात्र खरे असते, आणि त्याचा खर्च आज तरी बहुधा त्या कुटुंबालाच सोसावा लागतो.