सामान्यांची लिपी आणि सत्तेची धास्ती

३ डिसेंबर २०२४ च्या रात्री दक्षिण कोरियाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला. त्याच्या पहिल्याच हुकुमान्वये देशातील सर्व वृत्तमाध्यमे व प्रकाशने लष्करी नियंत्रणाखाली आणण्यात आली. संसदेच्या निर्धारामुळे हा कायदा अवघ्या सहा तासांत मागे घ्यावा लागला आणि ४ एप्रिल २०२५ रोजी घटनात्मक न्यायालयाने युन यांना पदच्युत केले. हुकूम निघाला त्याच आठवड्यात हान कांग साहित्याचे नोबेल पारितोषिक स्वीकारण्यासाठी स्टॉकहोम येथे गेल्या होत्या. साहित्याचे नोबेल मिळविणाऱ्या त्या पहिल्या आशियाई महिला होत. त्यांची ‘ह्युमन ॲक्ट्स’ ही २०१४ ची कादंबरी मे १९८० मधील ग्वांगजू येथील हत्याकांडावर आधारलेली आहे, आणि तेव्हाही देशात लष्करी कायदाच होता! पार्क ग्युन-हे यांच्या राजवटीत कलावंतांची जी काळी यादी सिद्ध झाली, तीत हान कांग यांचेही नाव होते.

राज्यकर्त्यांना पुस्तकांची एवढी धास्ती का वाटावी? आमच्या मते याचे उत्तर बव्हंशी कोरियन लिपीच्या इतिहासात आहे. चिनी चित्रलिपी शिकण्यास ज्यांना सवड नाही, अशा प्रजाजनांसाठी राजा सेजोंग याने १४४६ मध्ये हांगुल लिपी प्रसृत केली. विद्वानांनी तिला गावंढळ मानले. १५०४ मध्ये राजा योनसान याची निंदा करणारे मजकूर याच लिपीत झळकले, तेव्हा त्याने तिच्यावर बंदी घातली. विद्वानांच्या चिनी ग्रंथांचे सत्तेला फारसे भय नव्हते. लोकांना वाचता येईल असे काही लिहिले गेले, की ती दचकत असे.

कोरियन ख्रिस्तसभेचा जन्मही वाचनातूनच झाला, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. तेथे मिशनरी पोहोचण्यापूर्वीच काही विद्वानांनी चिनी भाषेतील धर्मग्रंथ अभ्यासले होते. त्यांच्यापैकी यी सुंग-हुन यांनी १७८४ मध्ये बीजिंग येथे स्नानसंस्कार स्वीकारला. पुढे जोंग याक-जोंग यांनी हांगुलमध्ये धर्मशिक्षणाचे पुस्तक लिहिले आणि स्त्रिया व श्रमिक यांच्यासाठी श्रद्धेचे दार उघडले. १८०१ मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला. त्यांचे धाकटे बंधू जोंग याक-योंग यांना हद्दपारीची शिक्षा झाली. तेथे त्यांनी जे विपुल ग्रंथलेखन केले, ते मात्र चिनी भाषेत. आज कोरियन विद्वत्तेचा मुकुटमणी म्हणून याच धाकट्या भावाचा गौरव होतो. थोरल्या भावाचे छोटेखानी पुस्तक वाङ्मयेतिहासात क्वचितच डोकावते, हे आम्हांस अन्यायाचे वाटते.

ग्वांगजूची आठवण कोणी लिहावी, हा तंटाही असाच दीर्घकाळ चालला. लष्करी हेलिकॉप्टरमधून नागरिकांवर गोळीबार झाल्याची साक्ष फादर चो बी-ओ यांनी दिली होती. (‘बी-ओ’ म्हणजे आपल्याकडील ‘पायस’.) माजी हुकूमशहा चुन दू-ह्वान यांनी २०१७ मधील आपल्या आत्मचरित्रात या दिवंगत धर्मगुरूंना खोटारडे ठरविले व त्यांची सैतान अशी संभावना केली. त्याच वर्षी न्यायालयाने त्यातील वादग्रस्त मजकूर वगळल्याविना पुस्तक विकण्यास मनाई केली. पुस्तकांवरील बंदी आम्हांस सहसा रुचत नाही, मग ती न्यायालयाची का असेना. तथापि ज्याने माणसे मारली त्यानेच मृतांची साक्षही पुसावी, हे ग्वांगजूने का सोसावे? नोव्हेंबर २०२० मध्ये न्यायालयाने हेलिकॉप्टरमधून गोळीबार झाल्याचे मान्य करून चुन यांना दोषी ठरविले. २०२१ मध्ये अपील प्रलंबित असतानाच ते निवर्तले.

ऑगस्ट २०२७ मध्ये जागतिक युवा दिन सोल येथे साजरा होणार आहे. आपल्याकडून जे युवक-युवती तेथे जातील, त्यांनी सोसोमुन येथील तीर्थस्थळास अवश्य भेट द्यावी. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘धन्य’ म्हणून घोषित केलेल्या जोंग याक-जोंग यांचा वध तेथेच झाला होता. जाण्यापूर्वी हांगुलची चोवीस अक्षरे शिकून घ्यावीत. थोड्याच दिवसांत ती वाचता येतात, कारण ती त्यासाठीच घडविली गेली होती.